आमचं गाणं घसरलेलंही दिसू द्या

प्रति,
देशातल्या गाण्यांचे साप्ताहिक चार्ट काढणारी सर्व मंडळी,
मुंबई, दिल्ली, बंगळूर, जिथे असाल तिथे.

विषय : खानदेशातल्या अहिराणी गाण्यांची आठवड्याची चढउतार कुठेच नोंदली जात नाही, याबाबत.

स.न.वि.वि.

मी अमळनेर आणि पारोळ्याच्या मधल्या एका बाजाराच्या गावात मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो. डिस्प्ले बदलणं, चार्जिंगचा पॉइंट साफ करणं, काच लावून देणं, रिचार्ज मारणं हा धंदा. पण दुकानाच्या शटरशेजारी एक काळा फळा टांगलेला आहे. गेली अकरा वर्षं दर गुरुवारी, बाजार उठायच्या सुमाराला, मी त्यावर खडूने दहा गाणी लिहितो. गाण्यापुढे मागच्या आठवड्याचा नंबर आणि एक बाण. वर गेलं तर पिवळ्या खडूचा, खाली आलं तर पांढऱ्या. पहिल्यांदाच आलं असेल तर बाण नाही, नुसतं लिहितो, "नवं उनं". तुम्ही संगणकावर करता तेच काम. माझ्या शर्टाची बाही पांढरी होते, एवढंच.

मोजतो कसं, तेही सांगतो, कारण पुढे मी तुम्हाला तुमच्या मोजणीबद्दल विचारणार आहे. गुरुवारच्या बाजाराला आसपासच्या वीस-पंचवीस खेड्यांची माणसं येतात. त्यात डीजेचे ऑपरेटर असतात, बँडवाले असतात, लग्नाचं शूटिंग करणारी पोरं असतात. पेन ड्राइव्ह खराब झाला, केबल गेली, मिक्सरला जॅक हवा म्हणून ती माझ्याकडे टेकतातच. प्रत्येकाला एकच प्रश्न : या आठवड्यात कोणतं गाणं लोकांनी परत वाजवायला लावलं? नुसतं वाजलेलं मी धरत नाही, परत मागितलेलं धरतो. वहीत काड्या मारतो आणि संध्याकाळी मोजतो. काही शास्त्र नाही त्यात, पण नियम एकच आहे आणि तो गावाला माहीत आहे.

तुमचा आठवडाही गुरुवारी रात्रीच संपतो, हे कळलं तेव्हा मला हसू आलं होतं. २०१५ च्या जुलैपासून नवी गाणी जगभर शुक्रवारी काढायचं ठरलं आणि अमेरिकेतल्या, इंग्लंडमधल्या चार्टची मोजणीही शुक्रवार ते गुरुवार झाली. आमचा हिशेब वडिलांच्या काळापासून गुरुवारी संपतो, कारण गुरुवारी बाजार असतो. या एका बाबतीत न्यूयॉर्क आमच्या मागून आलं.

हे खूळ घराण्यातलं आहे. याच जागी वडिलांचं कॅसेटचं दुकान होतं. कोऱ्या कॅसेटवर गिऱ्हाइकाच्या पसंतीची गाणी भरून द्यायचे, साठ मिनिटांची किंवा नव्वद मिनिटांची. गिऱ्हाईक गाण्यांची चिठ्ठी आणायचं. वहीच्या पानाचा तुकडा, लग्नपत्रिकेची पाठ, एकाने तर तंबाखूच्या पुडीचा कागद आणला होता. काम झालं की वडील चिठ्ठी फेकत नसत, बिलांसारखी तारेला टोचून ठेवत. बाजाराच्या रात्री जेवण झाल्यावर तार रिकामी करत आणि कोणतं गाणं किती चिठ्ठ्यांत आलंय ते लाल पाठीच्या वहीत मांडत. पुढच्या आठवड्यात त्यातली वरची गाणी आधीच भरून तयार ठेवत. धंद्याची गरज होती ती, पण मला वाटतं त्यांना त्याची चटकही होती. कारण शिकले होते ते गीतमालेवरून, सिनेमाच्या गाण्यांचे नंबर लावणाऱ्या रेडिओच्या कार्यक्रमावरून. रेडिओ सिलोन, बुधवार, रात्री आठ. अमीन सयानींचं "बहनों और भाइयों" सुरू झालं की घरात कोणी भांडं वाजवायचं नाही. एखादं गाणं चार पायदानं घसरलं की वडील खरोखर हळहळत, जणू गावातलं कोणी आजारी पडलं आहे.

त्या गीतमालेचा पहिला कार्यक्रम ३ डिसेंबर १९५२ चा. त्या काळात नभोवाणी खात्याचे मंत्री बाळकृष्ण केसकर यांनी आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार केली आणि अख्खा देश कोलंबोकडे कान लावून बसला. गीतमालेच्या एकोणीस दिवस आधी, १४ नोव्हेंबरला, लंडनच्या न्यू म्युझिकल एक्सप्रेस या साप्ताहिकाने इंग्लंडमधली पहिली अशी यादी छापली होती. पर्सी डिकिन्स नावाच्या गृहस्थाने रेकॉर्डच्या वीसेक दुकानांना फोन लावले आणि काय खपलं ते विचारून घेतलं. यादी बारा नंबरांची, पण बरोबरी इतक्या ठिकाणी झाली की त्यात पंधरा गाणी बसली. हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं. माझ्या फळ्यावरही तिसऱ्या नंबरावर कधीकधी दोन गाणी असतात आणि लोक हसतात. वीस दुकानांच्या त्या यादीत एकविसावं आमचं शोभलं असतं.

आणखी एक तारीख सांगतो, ती तुमच्या कागदपत्रांत सापडणार नाही. गीतमालेच्या बरोबर एक वर्ष आधी, ३ डिसेंबर १९५१ ला, जळगावात बहिणाबाई चौधरी गेल्या. त्यांना लिहितावाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात, चुलीपुढे गाणी सुचायची आणि हवेत जायची. मुलाने, सोपानदेवांनी, काही टिपून ठेवली म्हणून ती १९५२ साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह छापली गेली. जी टिपली गेली नाहीत ती किती होती, हे आता कोण सांगणार? लंडनमध्ये गाणी मोजायला आणि कोलंबोवरून गीतमाला लागायला सुरुवात झाली त्याच वर्षातली ही गोष्ट.

आता मुद्द्यावर येतो. फळ्यापुढे उभी राहून पोरं मला म्हणतात, काका, आता फळा कशाला? यूट्यूबवर व्ह्यूज दिसतात की. आमच्या अहिराणी गाण्यांना कोटी-कोटी व्ह्यूज आहेत, हे तुम्हालाही ठाऊक असेल. पण तो आकडा म्हणजे माणसाच्या वयासारखा आहे, फक्त वाढतो. पाच कोटींचं गाणं नेमकं कोणत्या लग्नसराईत वाजलं, कुठल्या आठवड्यात लोकांना त्याचा वीट आला, त्याला कोणत्या गाण्याने खाली ओढलं, यातलं काहीही त्या आकड्यात नाही. मेलेलं गाणंही पाच कोटींचंच राहतं. गाणं उतरलेलं दिसायला आठवड्याची यादी लागते. आम्ही कौतुकासाठी रडत नाही, कौतुक भरपूर झालं. आमचं गाणं दुसऱ्यावरून सातव्यावर घसरलेलं कागदावर दिसावं, एवढीच माझी मागणी आहे.

घसरण म्हणजे काय ते एका गाण्यावरून सांगतो. चोपड्याकडच्या पोरांनी केलेलं एक हळदीचं गाणं होतं. एप्रिलच्या पहिल्या गुरुवारी माझ्या फळ्यावर नववं. दुसऱ्या गुरुवारी पाचवं, मग दुसरं, मग सलग चार आठवडे पहिलं. मे संपत आला तेव्हा एक ऑपरेटर स्टुलावर बसून चहा पिता पिता म्हणाला, "अण्णा, हाई गानं उतरी गयं." मी म्हटलं, तुला कसं कळलं? लोक तर अजून मागतात. तो म्हणाला, मागतात ते पोरं. पण आधी हे लावलं की पंगतीत बसलेल्या बाया ताट तसंच ठेवून उठायच्या, वरणबट्टी थंड व्हायची. आता त्या बसल्या जागी मान हलवतात आणि जेवतात. त्या गुरुवारी ते गाणं मी चौथ्यावर आणलं, आणि पुढच्या पंधरा दिवसांत ते खरंच गेलं. मृगाचा पाऊस पडला, मुहूर्त संपले, लोक पेरणीला लागले. जूनमध्ये माझ्या फळ्यावर दहा गाणी भरतच नाहीत. सहा झाली तर सहाच लिहितो. खोटी चार कशाला घालायची?

या ताटाचा हिशेब तुमच्या कुठल्या रकान्यात बसतो, ते मला सांगा.

दुसरी एक गंमत फळ्यामुळे कळली. परदेशातल्या चार्टवर हल्ली बरीच गाणी पहिल्या आठवड्यात थेट माथ्यावर येऊन आदळतात आणि पुढच्या आठवड्यात गडगडतात, कारण चाहते पहिल्याच शुक्रवारी सगळे मिळून ऐकून घेतात. आमचं गाणं खालून चढतं. गाणं वऱ्हाडाबरोबर हिंडतं. अमळनेरच्या नवऱ्याची वरात शिरपूरला गेली, तिथल्या वऱ्हाडी पोराने फोनवर क्लिप घेतली, आठ दिवसांनी ते शहाद्याला वाजलं. आमच्याकडे दहाव्यावरून आठव्यावर येणं म्हणजे एक नदी ओलांडणं असतं. तापी ओलांडली की गाणं टिकतं, असा माझा अनुभव आहे. उलटही होतं. नंदुरबारकडची आदिवासी टिमली, की-बोर्डवर वाजणारी, आधी नवापूर-तळोद्यात गाजते आणि होळीच्या आसपास आमच्याकडे उतरते. आमच्या गावात टिमलीचे शब्द कोणाला कळत नाहीत. पाय मात्र बरोबर पडतात.

तुम्ही म्हणाल, आमच्याकडे जे येतं ते आम्ही मोजतो. यावर अमेरिकेतली एक गोष्ट आठवण करून देतो. तिथे १९९१ पर्यंत दुकानदार सांगतील ते धरून यादी व्हायची. त्या वर्षी मे महिन्यात अल्बमच्या यादीसाठी आणि नोव्हेंबरात एकेकट्या गाण्यांच्या यादीसाठी गल्ल्यावर स्कॅन झालेल्या खऱ्या विक्रीचे आकडे धरायला सुरुवात झाली. झालं काय, तर कंट्री आणि रॅप, जी गाणी मोठ्या शहरांतल्या दुकानदारांना फारशी दखल घेण्याजोगी वाटत नव्हती, ती एकदम वर दिसू लागली. लोकांची आवड एका रात्रीत पालटली नव्हती. ती तिथेच होती, फोनवर सांगणाऱ्याच्या तोंडी येत नव्हती. खानदेश तसाच तुमच्या फोनच्या पलीकडे बसला आहे.

आपल्या देशात तर कथा आणखी वेगळी. २०२१ च्या जूनमध्ये भारतातल्या संगीत कंपन्यांच्या संघटनेने पहिला अधिकृत साप्ताहिक चार्ट सुरू केला, वीस गाण्यांचा, आणि तो फक्त आंतरराष्ट्रीय गाण्यांचा! म्हणजे भारतातली माणसं बाहेरची कोणती गाणी ऐकतात, हे आधी मोजलं गेलं. पुढच्या वर्षी अमेरिकेच्या बिलबोर्ड या संगीताच्या नियतकालिकाने भारतासाठी पंचवीस गाण्यांची यादी काढली, तिच्यात हिंदी, पंजाबी, दक्षिणेकडची गाणी दिसतात. चांगलंच आहे. अहिराणी गाणं मात्र मी या याद्यांत अजून पाहिलेलं नाही. माझ्या फोनमधल्या गाण्यांच्या ॲपमध्ये भाषा निवडायला भोजपुरी आहे, हरियाणवी आहे, राजस्थानी आहे. अहिराणी नाही. ते गाणं मराठीत टाका, प्रादेशिकमध्ये टाका, "इतर"मध्ये टाका. २०११ च्या जनगणनेत खानदेशी ही मातृभाषा सांगणारे साडेअठरा लाखांच्या वर होते, आणि घरात अहिराणी बोलून जनगणनेच्या माणसाला "मराठी लिहा" म्हणणारे त्यात धरलेले नाहीत. आमच्याच घरातली निम्मी माणसं तशी आहेत. मी स्वतःसुद्धा.

काही वर्षांपूर्वी केसांवर फुगे देणाऱ्या बबल्या नावाच्या फेरीवाल्याचं आमचं गाणं पुण्या-मुंबईपर्यंत गेलं. कॉलेजातली पोरं "इकस, इकस" करत नाचत होती. इकस म्हणजे विकतो. माझ्या पुण्यातल्या चुलतभावाच्या पोरीला वाटत होतं ते त्या बबल्याचं आडनाव आहे. हसून घेतलं आम्ही. पण तेव्हाच मनात आलं की गाणं एवढं फिरलं, आणि ते कोणत्या आठवड्यात कुठे होतं हे सांगणारा एक कागद नाही.

आता पैशाचं बोलू. इंग्लंडच्या चार्टमध्ये २०१४ साली ऑनलाइन ऐकणं धरायला लागले तेव्हा शंभर वेळा ऐकलं की एक विक्री, असा साधा हिशेब होता. २०१८ पासून पैसे भरून ऐकणाऱ्यांचं शंभर वेळा आणि फुकट, जाहिराती सोसून ऐकणाऱ्यांचं सहाशे वेळा ऐकणं एका विक्रीबरोबर धरतात. म्हणजे एका पैसेवाल्याच्या कानाला सहा फुकट्यांचे कान. तिथे त्याला कारण आहे, पैसे कुठून येतात त्यावर ते वजन ठरतं, हे मी समजू शकतो. पण असलं माप उचलून आमच्याकडे आणाल, तर खानदेशचं काय होईल ते माझ्या काउंटरवर येऊन बघा. गाण्यांच्या ॲपला महिन्याला पैसे भरणारं गिऱ्हाईक मला अकरा वर्षांत बोटावर मोजण्याइतकं भेटलं. बाकीचे जाहिरात सोसतात, नाहीतर ब्लूटूथने घेतात. मेमरी कार्डाच्या काळात बाजाराच्या दिवशी माझ्यापुढे रांग असायची. चार जीबीचं कार्ड पुढे सरकवून पोरगं म्हणायचं, "पुरं भरी दे." कोणती गाणी, ते सांगायचंच नाही. तो विश्वास होता फळ्यावर. त्या भरलेल्या कार्डांची नोंद जगात कुठल्याच चार्टने घेतली नाही, वडिलांच्या तारेवरच्या चिठ्ठ्यांची घेतली नाही तशीच.

आणि डीजे? एक गाणं एकदा पेन ड्राइव्हवर उतरवलं की ते चाळीस लग्नांत वाजतं, प्रत्येक लग्नात पाचशे माणसं ऐकतात. तुमच्या लेखी ते एकदा ऐकलं गेलं, किंवा एकदाही नाही. अवघड आहे मोजायला, मान्य. पण नवीन नाही. बिलबोर्ड १९५७ पर्यंत ज्यूकबॉक्सवर सगळ्यांत जास्त वाजलेल्या गाण्यांची वेगळी यादी काढत असे. हॉटेलातल्या त्या पेटीत नाणं टाकून ऐकणाऱ्यांच्या घरी रेकॉर्ड प्लेअर नसेलही, पण त्यांचं नाणं मोजलं जात होतं. १९५८ च्या ऑगस्टमध्ये सुरू झालेल्या त्यांच्या शंभर गाण्यांच्या चार्टमध्ये आजही रेडिओवर वाजलेलं गाणं किती लोकांच्या कानावर गेलं असेल याचा अंदाज धरतात. मग आयशर ट्रकवर बांधलेल्या सोळा बेसने काय पाप केलंय? (आवाजाचं पाप केलंय, ते मी नाकारत नाही. रात्री दहानंतर बंद व्हायलाच हवा. आमच्या गल्लीत एक आजारी म्हातारी आहे.)

हंगामाचंही सांगायला हवं. बिलबोर्डच्या त्या शंभरांत वीस आठवडे झालेलं गाणं पन्नासच्या खाली गेलं की यादीतून काढून टाकायचा नियम आहे, जुन्यांनी नव्यांची जागा अडवू नये म्हणून. गीतमालेतही ठरावीक आठवडे टिकलेल्या गाण्याला "सरताज" म्हणून मानाने निरोप द्यायचे. ठीक आहे. पण काही गाणी जुनी होत नाहीत, निजतात. मराया कॅरीचं १९९४ सालचं नाताळचं गाणं अमेरिकेत पहिल्या नंबरावर पोचलं ते २०१९ च्या डिसेंबरात, पंचवीस वर्षांनी. दर डिसेंबरला उठतं, जानेवारीत झोपतं. आमच्याकडे श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. रात्रभर जागरण, घरोघर रोट, आणि सोमवारी सकाळी मिरवणूक नदीवर. त्या एका आठवड्यात कानबाईची गाणी फळ्यावर वरच्या चार-पाच जागा घेतात. त्यातलं एक मी कारकुनासारखं दर वर्षी त्याच जागी लिहितो, दुसऱ्या नंबरावर. पुढच्या गुरुवारी शून्य. अकरा वर्षांत अकरा आठवडे. अशा गाण्याला तुम्ही काय म्हणाल, हिट की फ्लॉप? अक्षय तृतीयेला, म्हणजे आमच्या आखाजीला, झोक्यावरची गाणी. ती तर कोणी रेकॉर्ड केली की मगच तुमच्या जगात येतात. बाया ती रेकॉर्डिंगशिवाय शेकडो वर्षं गात आल्या आहेत.

आता आमच्या बाजूची घाण लपवत नाही. चाल सर्रास उचलली जाते, पंजाबी ठेका, गुजराती गरब्याची ओळ, वर अहिराणी शब्द, आणि खाली "ओरिजनल" म्हणून लिहायचं. काही जण जाहिरातीचे पैसे ओतून व्ह्यूज फुगवतात. हा रोग फक्त इथला नाही. २०१९ च्या सप्टेंबरात यूट्यूबने आपल्या चार्टसाठी जाहिरातीतून आलेले व्ह्यूज धरणं बंद केलं, ते त्या वर्षीच्या जुलैत भारतातल्या एका मोठ्या गाण्याच्या चोवीस तासांच्या विक्रमावरून बोभाटा झाल्यानंतरच. अमेरिकेत तर १९५९-६० साली रेडिओवर गाणं वाजवायला पैसे घेतल्याच्या चौकशा थेट संसदेच्या समितीपुढे झाल्या.

पण माणूस का वाकतो, ते मला स्वतःवरून ठाऊक आहे. माझ्या भाच्याने गाणं काढलं. रावेरकडच्या केळीच्या बागेत शूटिंग, भाड्याचा ड्रोन, नवऱ्याचा बूट त्याच्या मापाचा नव्हता म्हणून सगळं गाणं तो जरा लंगडत नाचला आहे. बहिणीने फोन केला, "दादा, फळावर घे ना." मी घेतलं. एका गुरुवारी चौथ्या नंबरावर लिहिलं, पुढे "नवं उनं". अर्ध्या तासाने एक ऑपरेटर आला, फळा वाचला, माझ्याकडे बघितलं, आणि काही न बोलता शर्टाच्या बाहीने चौथी ओळ पुसून केबल घेऊन निघून गेला. मी ती ओळ त्या दिवशी रिकामीच ठेवली. तेव्हापासून वही काउंटरवर उघडी असते. ज्याला काड्या मोजायच्या त्याने मोजाव्यात. एक गायक दोन वेळा येऊन ओरडून गेलाय, "मनं गानं सातवर कसं काय?" त्याला वही दाखवतो. तो मोजतो, शिव्या घालतो, आणि चहा पिऊन जातो.

तुमच्याकडूनही मला तेच हवंय, वही उघडी ठेवा. यादी कोणत्या ॲपांवरून, कोणत्या भाषांतून, फुकट ऐकणाऱ्याला किती वजन देऊन केली, हे यादीच्या खाली चार ओळींत छापा. अहिराणीला "इतर"मधून बाहेर काढून भाषेचा रकाना द्या. खानदेशी लिहा, अहिराणी लिहा, नावावरून आम्ही आपसात भांडून घेऊ. जिल्ह्यावार आकडे तुमच्याकडे असतात, कारण जाहिराती तुम्ही जिल्हा बघूनच दाखवता. मग जळगाव, धुळे, नंदुरबार आणि जोडीला मालेगाव-सटाण्याचा पट्टा धरून दहा गाण्यांची यादी दर आठवड्याला काढायला अडचण काय आहे? एकाच चॅनलची सगळी दहा होतील अशी भीती असेल, तर त्यालाही तोड आहे. २०१७ च्या मार्चमध्ये इंग्लंडमध्ये एड शीरनची सोळा गाणी एकदम पहिल्या वीसांत बसली, तेव्हा त्यांनी एका गायकाची जास्तीत जास्त तीन असा नियम केला. तो घ्या. आमच्याकडेही दोन-चार मोठे चॅनल आहेत आणि बाकीची पोरं उसनवारीच्या कॅमेऱ्यावर आहेत, त्यांना तिथे श्वास घेता येईल.

आणि जमलंच तर लग्नसराईत एखादा माणूस पाठवा. एप्रिल-मेमध्ये इकडे पारा पंचेचाळिसाला टेकतो, टोपी आणि कांदा सोबत असू द्यावा. त्याला मी ऑपरेटरांशी गाठ घालून देतो. ताट सोडून उठणाऱ्या बाया कशा मोजायच्या, ते मात्र त्याचं त्यानेच ठरवावं.

या गुरुवारचा फळा असा : पहिल्या नंबरावर पाचव्या आठवड्यातही तेच साडीचं गाणं, पण काड्या मागच्या वेळेपेक्षा नऊने कमी आहेत, म्हणजे पुढच्या खेपेला जाणार. दुसऱ्यावर सहावरून आलेली टिमली. तिसऱ्यावर दोघं बरोबरीत. सातवं तीनवरून आलं आहे, गायकाची मोटरसायकल आत्ताच दुकानापुढे लागली आहे, त्यामुळे पत्र इथे थांबवतो.

आपला,
एक मोबाइल दुकानदार,
अमळनेर तालुका, जि. जळगाव

ता.क. भाच्याचं गाणं दीड वर्षाने, काहीही न सांगता सवरता, धरणगावकडच्या एका लग्नात दोनदा वाजलं. वहीत दोन काड्या आहेत. फळ्यावर यायला अजून बऱ्याच लागतात.